वरच्या खोलीतला पाय

माझ्या गिटारचा आवाज आमच्या गल्लीत आजवर धड कुणी ऐकलेला नाही. तरी गल्लीत मला ओळखतात ते 'ती वाजवणारी' म्हणून. आता सांगा, याला काय म्हणावं. जे ऐकलंच नाही त्याची तक्रार, आणि जे कानठळ्या बसेस्तोवर ऐकावं लागतं त्याच्यापुढे नाचायला सगळे तयार.

गल्ली नवीन जालन्यात, स्टेशनपासून चालत दहा मिनिटांवर. सकाळी कचऱ्याची गाडी गाणं लावून येते. ती गेली की कांदे-बटाट्याचा छोटा हत्ती टेम्पो येतो. त्याच्या भोंग्यात एकच वाक्य भरून ठेवलंय, ते मला आता झोपेतही पाठ आहे. समोरच्यांची बोअरची मोटर, कोपऱ्यावरची पिठाची गिरणी, आणि लग्नसराईत हळदीचा डीजे. डीजे लागला की माझ्या मांडणीवरचे पेले आपोआप कडेला सरकायला लागतात. एकदा एक पेला पडून चेमटला, म्हणून मी खाली जाऊन सांगितलं, जरा कमी करा. नवरदेवाचा मामा म्हणाला, "ताई, एकच दिवस हाय, ॲडजस्ट करा." असे एकच दिवस वर्षात किती येतात हे त्या मामाला कुणी विचारत नाही. ॲडजस्ट मात्र मीच करायचं.

मी मूळची आष्टीकडची. घरची शेती आहे, बरी चाललेली आहे. मी शिकले आणि इथे बियाण्यांच्या कंपनीत, लॅबमध्ये लागले. ओल्या कागदाच्या गुंडाळ्यांत बिया ठेवायच्या आणि किती उगवल्या ते बघायचं, हे माझं काम. नोकरी लगेच मिळाली, खोली मिळेना. एकट्या बाईला खोली म्हटलं की लोक आधी माझ्याकडे बघायचे, मग माझ्या मागे बघायचे, कुणी आलंय का म्हणून. "मिस्टर काय करतात?" मिस्टर नाहीत म्हटलं की दार हळूच लोटलं जायचं. एका बाईंनी तर दारातूनच सांगितलं की आमच्याकडे चांगल्या घरची माणसं राहतात. मी कोणत्या घरची हे विचारायची तसदीसुद्धा घेतली नाही.

शेवटी काकाजींनी खोली दिली. काकाजी म्हणजे माझे घरमालक. जैन माणसं, काही पिढ्यांपूर्वी राजस्थानातून आलेली, लोखंडी सामानाचं दुकान. खाली ते, काकीजी आणि काकाजींची आई राहतात. आईला सगळी गल्ली माजी म्हणते. खोली देताना अटी सांगितल्या: कांदा नाही, लसूण नाही, अंड्याचं तर नावही काढायचं नाही. लसणाशिवायचा ठेचा म्हणजे नुसती मिरची, पण मी मान डोलावली. काकीजींनी त्याच दिवशी मला आणखी एक गोष्ट अभिमानानं सांगितली. माजींना कधी राग आलेला कुणी पाहिलेला नाही. जैन स्थानकात प्रवचनाला येणाऱ्या बायका आपल्या सुनांना माजींचं उदाहरण देतात. मी मनात म्हटलं, बरंय, घरात एक तरी शांत माणूस असावं.

आप्पांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, फोनवर मला स्पष्ट सांगून ठेवलं होतं. "खोली हाय तवर नोकरी कर, बाई. खोली सुटली की सामान बांधायचं अन् सरळ घरी यायचं. मंग आम्ही बघू काय बघायचं ते." काय बघायचं ते मला बराबर माहीत होतं. पाहुणे, पोह्यांच्या बशा, आणि मुलगा. म्हणजे ती दहा बाय बाराची खोली गेली की नोकरी जाणार होती, पगार जाणार होता आणि गिटार तर पहिली जाणार होती. आप्पा तिला आजही सतार म्हणतात.

गिटार इलेक्ट्रिक. काळी, एका कोपऱ्यात रंगाचा पापुद्रा गेलेली, दुसऱ्याच्या हातची घेतलेली. संभाजीनगरला कॉलेजात असताना हॉस्टेलमधल्या मैत्रिणीकडे शिकले आणि ती चटक काही सुटली नाही. खोलीत आले त्या संध्याकाळी मी डब्याएवढा छोटा स्पीकर जोडला आणि वाजवायला बसले. पाच मिनिटं झाली नसतील, तर काकाजी दारात उभे. "बेटा, ह्यो आवाज बिलकुल नको. घरात माजी हायेत." मी म्हटलं ठीक. घर त्यांचं आहे, म्हातारं माणूस आहे. मला त्याचा राग आला नाही, खोटं कशाला बोलू. मी दुसऱ्या दिवशी हेडफोनची सोय केली.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगते. इलेक्ट्रिक गिटार स्पीकरला न जोडता वाजवली तर तिचा आवाज फणीचे दात नखानं वाजवावेत एवढाच येतो. हेडफोन लावले की मला कानात सगळं ऐकू येतं, आणि शेजारी बसलेल्या माणसाला फणी. खालच्या माणसाला तीही नाही. इतकी बिनत्रासाची बाई या गल्लीत दुसरी नव्हती, असं माझं मत होतं आणि मी त्या मतावर खूश होते.

आठ दिवसांनी खालून ठोकलं. जाळं काढायचा बांबू असतो ना, त्यानं छताला, म्हणजे माझ्या फरशीला. ठोक, ठोक, ठोक. मी हेडफोन काढून ऐकलं, काही कळेना. दुसऱ्या दिवशी सातच्या सुमारास पुन्हा. तिसऱ्या दिवशी काकाजी वर आले. "बेटा, तुला सांगितलं व्हतं ना, आवाज नको म्हणून."

तळपायाची आग मस्तकात गेली. मी त्यांना आत बोलावलं, खुर्चीशेजारी उभं केलं आणि त्यांच्यासमोर वाजवून दाखवलं. "सांगा, काय ऐकू येऊन राह्यलं?" काकाजींनी कान टवकारले. मोटरचा आवाज येत होता, गिरणीचा येत होता. माझा येत नव्हता. "इथं न्हाई येत," ते म्हणाले, "खाली येतो." मी म्हटलं, अहो, इथं नाही तो खाली कुठून येईल? जिना उतरताना ते म्हणाले, "महिनाअखेरपर्यंत बघ बेटा. न्हाई जमलं तर मंग दुसरीकडं बघ."

मला खात्री पटली की यांना मी नकोच आहे. बाई एकटी राहते, गिटार वाजवते, हेच खुपतंय, आवाजाचं नुसतं निमित्त. रात्रभर मनातल्या मनात भांडले त्यांच्याशी. सकाळी ते दुकानाला निघाले तेव्हा जिन्यातच गाठलं आणि म्हटलं, मला तुमचा तो आवाज ऐकवा, नाहीतर खोटं बोललो म्हणा. काकाजी भला माणूस. रागावले नाहीत. चपला काढून वर गेले, माझ्या खुर्चीवर बसले, मला म्हणाले, "तू खाली जाऊन उभी राहा. मी काल बघितलं, तू करतीस तसं करतो."

मी खाली माजींच्या खोलीत जाऊन उभी राहिले. आणि वरून आलं. ठक. ठक. ठक. ठक.

माझा पाय. मी वाजवताना उजवा पाय फरशीवर आपटत असते, एकसारखा, आणि मला त्याचा पत्ताच नव्हता. खुर्ची लोखंडी, फरशी शहाबादी, स्लॅब पातळ. आपल्या डोक्यावर कुणीतरी खिळा ठोकतंय असं वाटत होतं. मी ओशाळले, पण मान्य करायला जीभ उचलेना. नुसतं "बघते" म्हणून वर आले.

मग केले प्रयोग. पायाखाली सतरंजी टाकली. काकाजी म्हणाले, आता ठक ठकच्या जागी धप धप येतं. गोधडी चौघडी घालून टाकली, तरी धप धप. पाय उचलायचा नाही असं ठरवून बसले, तर अर्ध्या गाण्यात तो आपला सुरू. पाय ऐकायलाच तयार नाही. शेवटी खुर्ची मिटून दारामागे ठेवली, खाली गादीवर मांडी घातली, आणि उजवा पाय डाव्या मांडीखाली ओढणीनं बांधून टाकला. हो, बांधून. गाठ मारून. आपण काय करतोय याची लाज वाटत होती, म्हणून आधी दार लावून घ्यायचे.

बांबू बंद झाला. महिनाअखेर आली आणि गेली. काकीजी सणाला वाटी भरून काहीतरी पाठवायला लागल्या. अशी दोन वर्षं गेली. त्या दोन वर्षांत गल्लीतला डीजे वाढला, मोटर वाढली, कुणाच्या तरी पोरानं गाडीचा सायलेन्सर फोडून घेतला. मी वर ओढणी बांधून बसायचे. पायाला मुंग्या यायच्या, उठताना भिंत धरावी लागायची. ठेका चुकू नये म्हणून मोबाइलवर टिकटिक लावायचे, हेडफोनमधून सरळ कानात. बोटं तयार होत होती, नवं नवं बसत होतं. मला वाटायचं, मी पुढे चाललेय.

मागच्या महिन्यात कंपनीचं स्नेहसंमेलन ठरलं. कुणीतरी सांगितलं, लॅबमधल्या ताई गिटार वाजवतात. डिस्पॅचमधले एक भाऊ ड्रम वाजवतात, त्यांच्यासोबत दोन गाणी करा. मी इतकी हरखले की दिवसभर बियांच्या गुंडाळ्यांवर चुकीच्या चिठ्ठ्या लावत होते. दोन वर्षांत पहिल्यांदा मोठ्या स्पीकरवर वाजवायचं होतं. सराव गोदामात होता, पोत्यांच्या थप्प्यांमध्ये. पंधरा-वीस जण गंमत बघायला थांबले होते.

भाऊंनी सुरू केलं, मी सुरू केलं, आणि चार ओळींत मी पुढे निघून गेले. पुन्हा घेतलं. या वेळी मागे राहिले. बोटं बराबर होती, एकही स्वर चुकत नव्हता, फक्त कधी वाजवायचं हेच कळत नव्हतं. कानात टिकटिक नव्हती आणि पायात काहीच नव्हतं. ठेका कुठे धरायचा हेच अंग विसरून गेलं होतं. तिसऱ्या वेळी भाऊंनी काड्या मांडीवर ठेवल्या. "ताई, तुम्ही ताल कुठं धरून राह्यल्या? पाय कामून हलत न्हाई तुमचा?" मी खाली बघितलं. मी उभी होते, आणि उजवा पाय बोटं आत वळवून, मांडीखाली दाबून ठेवल्यासारखा कडक झाला होता. कुणीतरी हसलं. मग सगळेच हसले, वाईट हेतूनं नाही, पण हसले. मॅनेजर साहेब म्हणाले, जाऊ द्या, गाण्यांचे ट्रॅक मिळतात, ते लावू.

स्कूटीवरून येताना मी रडले नाही. रडण्यापलीकडे गेलं होतं ते. आले ती सरळ खालच्या दारात. सात वाजून गेले होते, माजी कोपऱ्यात आसन घडी करत होत्या, काकाजी मोबाइल बघत होते. मी म्हटलं, "काकाजी, मला एकदा सांगा. माझ्या पायानं तुमचं काय बिघडत होतं?"

"आता कशाला ते बेटा?" काकाजी दचकले. "दोन वर्ष झाले, सगळं बराबर चालू हाय."

"तुमचं बराबर चालू हाय. माझं गेलं." आणि मग जे तोंडाला येईल ते बोलले. ओढणी, गाठ, मुंग्या, गोदाम, ते हसणं. डीजेसमोर तुम्ही ब्र काढत नाही आणि मी एक पाय हलवला तर बांबू. काढायचं तर काढा खोलीतून, मी आत्ता सामान बांधते. हे शेवटचं बोलताना मला आप्पा दिसत होते आणि पोह्यांच्या बशा दिसत होत्या, तरी मी बोलले.

कोपऱ्यातून माजी म्हणाल्या, "कोणाचा पाय बांधला?"

काकाजी उठले. "आई, तू आत चल."

"मी विचारून राह्यले, कोणाचा पाय बांधला?"

मी माझ्या पायाकडे बोट केलं. माजींनी त्याच्याकडे नीट बघितलं. मग त्यांनी मला खाली बसायला सांगितलं आणि समजावून दिलं. रोज सातला त्या सामायिकीला बसतात. तोंडाला कापडाची मुँहपत्ती बांधायची, आसनावर बसायचं, अठ्ठेचाळीस मिनिटं हलायचं नाही, बोलायचं नाही, कुणाविषयी मनात वाईट आणायचं नाही. वेळ मोजायला शेजारी वाळूचं घड्याळ असतं, त्याला त्या घडी म्हणतात. त्या दिवशी त्या लवकर बसल्या होत्या, म्हणून नुकत्याच उठत होत्या. "अन् बरोबर सातला तुझी ठकठक चालू व्हायची. मला लई राग यायचा. डीजेचा न्हाई येत, तो समद्यांच्याच डोक्यावर असतो. तुझी ठकठक माझ्या एकटीच्या डोक्यावर व्हती. राग आला की सामायिक मोडली. मंग घडी उलटी करायची अन् पुन्हा पहिल्यापासून. कवा कवा तीन-तीनदा बसले मी."

काकाजी दाराकडे बघत होते, बाहेर कुणी ऐकत तर नाही ना म्हणून.

"ह्याला म्हटलं व्हतं," माजी म्हणाल्या, "त्या पोरीला सांग, एवढी अठ्ठेचाळीस मिनिटं थांब. तेवढंच म्हटलं व्हतं मी."

अठ्ठेचाळीस मिनिटं. मी काकाजींकडे बघितलं. त्यांनी मान खाली घातली. "कसं सांगू बेटा? सांगितलं असतं तर तू विचारलं असतं, कामून. मंग काय सांगायचं? माजीला सामायिकीत राग येतो म्हणून? समाजात नाव हाय तिचं."

म्हणजे हे असं होतं. माजींना राग येत नाही हे जे नाव होतं ना, ते टिकावं म्हणून माझा पाय चोवीस तास बांधून ठेवला होता. मी सातऐवजी आठला बसले असते, एवढ्यावर सगळं मिटत होतं. संताप संताप झाला. आणि त्यातला निम्मा माझ्यावरच होता, कारण दोन वर्षांत मीही एकदा खाली येऊन विचारलं नव्हतं की माजी, तुम्हाला नेमका कधी त्रास होतो. मी आपली मानभावी, गाठी मारत बसले.

पण माजींचं संपलं नव्हतं. त्या घडी केलेलं आसन मांडीवर घेऊन बसल्या होत्या. "ती ठकठक बंद झाली ना, मला वाटलं, वर चालूच असंल, आपल्यालाच आता ऐकू येत न्हाई. राग जिंकला म्हटलं. प्रवचन देणाऱ्या महाराजसाहेबांना सांगितलं मी. स्थानकात बायांना सांगितलं, की आता डोक्यावर कितीबी आपटा, मला राग येत न्हाई." त्या थांबल्या. "अन् तू वर पाय बांधून बसल्ती."

काकाजी चाचरत म्हणाले, "मंग बेटा, खोलीचं तू..."

"खोलीचं काय?" माजी कडाडल्या. त्यांचा तसा आवाज मी कधी ऐकला नव्हता, आणि काकाजींनीही ऐकला नसावा. "वरची खोली कोणाच्या नावावर हाय? ही पोरगी कुठं जाणार न्हाई." मग माझ्याकडे वळल्या. "उद्या सातला वर बस. बराबर सातला. अन् पाय आपट. मी खाली बसते. मला बघायचंय, राग येतो का न्हाई."

दुसऱ्या दिवशी लॅबमधून जल्दी निघाले. दारामागची खुर्ची काढली, दोन वर्षांची धूळ पुसली. ओढणी धुवायच्या बादलीत टाकली. सतरंजी गुंडाळून कोपऱ्यात ठेवली, पाय उघड्या फरशीवर. हेडफोन घातले, टिकटिक लावली नाही. खिडकीतून काकीजींचा आवाज आला, बसल्या हो माजी. म्हणजे खाली वाळू पडायला लागली होती.

मी पहिली तार छेडली. पाय हलला नाही. वाटलं, असू दे, होईल सुरू. चार ओळी वाजवल्या, बोटं आपली चालली होती. पाय तिथेच. बोटं आत वळवून, टाच उचलून, कुणाच्या तरी मांडीखाली असल्यासारखा. मी त्याला मनात शिव्या घातल्या. आता कुणाची मनाई नाही, म्हटलं, उलट हुकूम आहे, आपट की. गिटार बाजूला ठेवून दोन्ही हातांनी गुडघा धरला आणि टाच फरशीवर आदळली. एकदा ठक झालं. हात सोडले, पाय पुन्हा गप्प.

मी पुन्हा गिटार घेतली. खाली माजी राग यायची वाट बघत बसल्या होत्या, आणि वर मी पाय हलायची.